२८ ला डोंगर धूसर, ५० ला डोळा मऊ: जुन्या मॅन्युअल लेन्स मिररलेसवर लावताना

प्रश्न थोडक्यात असा. घरात सापडलेल्या निकॉन माउंटच्या दोन जुन्या लेन्स (२८ मिमी एफ/२.८ एआय-एस आणि ५० मिमी एफ/१.८ एआय-एस) आणि एक रशियन हेलिओस ४४-२, अशा तिन्ही लेन्स साध्या ॲडॅप्टरने सोनी ए७ III वर लावल्या आहेत. २८ ची रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी लांबचे डोंगर धूसरच येतात. ५० ने पोर्ट्रेट काढताना पीकिंगचा (धारदार कडांना रंग लावून दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या सोयीचा) लाल रंग बरोबर डोळ्यावर दिसतो, पण फोटो मोठा करून पाहिला की डोळा मऊ. हेलिओसमधून टॉर्च मारला तर आत बारीक धागे दिसतात. लेन्स गेल्यात, की डिजिटलवर त्या चालतच नाहीत?

चालतात, आणि उत्तम चालतात. पहिल्या तक्रारीत संशयित ॲडॅप्टर आहे, दुसरीत फोकस करण्याची पद्धत. लेन्सचा दोष असलाच तर तिसरीत, आणि तिथेही धागे नेमके कुठल्या काचेवर आहेत यावर सगळं अवलंबून आहे.

आधी ॲडॅप्टर. तुमच्याकडचा ॲडॅप्टर म्हणजे आतून पोकळ अशी धातूची बांगडी. त्यात काच नाही, विजेचे संपर्क नाहीत, चित्राचा दर्जा वाढवेल किंवा बिघडवेल असा कुठलाच भाग नाही. तिचं काम एकच, लेन्सला सेन्सरपासून ठरलेल्या अंतरावर आणि सरळ धरून ठेवणं. निकॉन एफ माउंटची लेन्स माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर धरून बनवलेली असते. सोनीच्या ई माउंटमध्ये तेच अंतर १८ मिमी आहे. म्हणजे निकॉन एफ ते सोनी ई ॲडॅप्टरची जाडी २८.५ मिमी हवी. हेलिओसच्या एम४२ आट्यांसाठी (ती स्क्रूसारखी फिरवून बसवतात) अंतर ४५.४६ मिमी, म्हणून तो ॲडॅप्टर २७.४६ मिमी. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल तर १८ च्या जागी निकॉन झेडसाठी १६, फुजी एक्ससाठी १७.७, कॅनन आरएफसाठी २० घ्या आणि वजाबाकी करा. मिररलेसमध्ये डीएसएलआरसारखा आरसा नसतो, तो गेल्यामुळे मोकळी झालेली ही जागाच ॲडॅप्टरला मिळते. निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ लेन्स लावली की ती एक मिलिमीटरहून जास्त पुढे बसायची आणि इन्फिनिटी (म्हणजे अगदी लांबच्या गोष्टींवरचा फोकस) जायची, कारण तिथे वजा करायला काही उरतच नव्हतं.

आता खरी मेख. जाडीत ०.१ मिमीची चूक म्हणजे साध्या कागदाच्या एका पानाएवढी चूक. ॲडॅप्टर तेवढा जाड असेल तर लेन्स इन्फिनिटीच्या टोकाला टेकलेली असतानाही प्रत्यक्षात कुठे फोकस होते, याचा हिशेब सोपा आहे. फोकल लांबीचा वर्ग करायचा आणि त्याला जास्तीच्या जाडीने भागायचं. ५० मिमीला २५०० भागिले ०.१, म्हणजे २५,००० मिमी, २५ मीटर. २८ मिमीला ७८४ भागिले ०.१, म्हणजे जेमतेम ७.८ मीटर. त्यापलीकडचं काहीच धारदार होणार नाही. १३५ मिमीची लेन्स त्याच ॲडॅप्टरवर १८० मीटरच्या पुढे जाते, म्हणून तिच्या मालकाला कधी शंकाही येत नाही. चूक अर्धी, म्हणजे ०.०५ मिमी असली तर ५० मिमी ५० मीटरपर्यंत पोचते आणि रोजच्या वापरात खपून जाते, २८ मात्र १५-१६ मीटरवर अडकते. लांबच्या डोंगरांची तक्रार ५० ची नाही, फक्त २८ ची, हे तुमचं वर्णन या हिशेबात तंतोतंत बसतं.

खात्री करायची तर असं करा. २८ मिमी लावा, अपर्चर एफ/२.८ वर पूर्ण उघडं ठेवा. एफ/८ वर ही चाचणी करूच नका, तिथे डेप्थ ऑफ फील्ड (धारदार दिसणाऱ्या पट्ट्याची खोली) दोष झाकून टाकते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून किमान अर्धा किलोमीटर लांबची कडक कडा निवडा. पुण्यात असाल तर सिंहगडावरचा टीव्ही टॉवर, मुंबईत समुद्रापलीकडची इमारत. मात्र दुपारी नको, तापलेल्या हवेच्या लहरींनी काहीच धड दिसत नाही. सकाळी लवकर करा. व्ह्यूफाइंडरात सर्वांत जास्त मोठं करून रिंग हळूहळू इन्फिनिटीकडे न्या. चित्र धारदार झालं आणि रिंग अजून पुढे नेल्यावर पुन्हा मऊ झालं, तर ॲडॅप्टर किंचित पातळ आहे. चित्र धारदार होत होत जातं आणि ते पूर्ण व्हायच्या आधीच रिंग टोकाला ठक्कन लागते, तर ॲडॅप्टर जाड आहे. तुमच्या बाबतीत दुसरं दिसेल असा अंदाज. तोच प्रयोग ५० वर करा. दोन्ही लेन्स कमी-जास्त प्रमाणात अडकल्या तर दोष नक्की ॲडॅप्टरचा. फक्त २८ अडकली आणि ५० टोकाच्या पुढे जाते, तर मात्र २८ कुणीतरी आधी उघडून चुकीची बसवलेली असू शकते.

स्वस्त ॲडॅप्टर बनवणारे बहुतेकदा मुद्दाम दहावा-पाव मिलिमीटर पातळ बनवतात, म्हणजे कुणाचीच इन्फिनिटी जाणार नाही. सर्वसाधारण लेन्ससाठी हे चालतं. अंतराचे आकडे खोटे पडतात इतकंच. पण तुमची २८ एआय-एस त्याला अपवाद आहे. ही लेन्स २० सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते आणि जवळ येताना कोपरे बिघडू नयेत म्हणून तिच्यातल्या काचांच्या गटांमधलं अंतर रिंगेबरोबर बदलत जातं. ॲडॅप्टर ०.१ मिमी पातळ असला तर तुम्ही डोंगरावर फोकस करता तेव्हा रिंग साधारण आठ मीटरच्या जागी असते, आणि आतल्या काचाही आठ मीटरसाठी मांडलेल्या असतात. मध्यभाग खणखणीत, कोपरे विरलेले. मग लोक लिहितात की ही लेन्स कोपऱ्यांत कमकुवत आहे. ५० आणि हेलिओस अख्ख्या पुढेमागे सरकतात, त्यांना याचा त्रास नाही.

दुरुस्ती? पातळ ॲडॅप्टर सुधारणं सोपं. बहुतेक ॲडॅप्टर दोन-तीन तुकड्यांचे असतात आणि माउंटची कडी चार-सहा स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढून मध्ये शिम, म्हणजे जाडी भरून काढणारी पातळ चकती, घालायची. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल ०.०१ ते ०.०२ मिमी जाडीची असते, त्यामुळे तिच्या थरांनी बारीक जुळणी होते. जास्त फरक असेल तर यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात ०.०५ मिमीची पितळी शिमपट्टी मागा. शिम पूर्ण गोल असावी. स्क्रूपाशी तीन-चार तुकडे चिकटवून भागवलं तर कडी स्क्रू आवळताना वाकते. जाड ॲडॅप्टर मात्र घासून पातळ करण्याच्या फंदात पडू नका. काचेवर पॉलिशपेपर ठेवून तो करता येतो, पण चारही बाजूंनी सारखा घासला गेला आहे हे मायक्रोमीटरशिवाय कळत नाही, आणि साधा डिजिटल व्हर्निअर ०.०१ मिमी दाखवत असला तरी तेवढा खरा नसतो. बदलून घ्या. शक्य असेल तर विकत घेतानाच आपली सर्वांत रुंद लेन्स बरोबर न्या.

जाडीइतकाच महत्त्वाचा सरळपणा. फोटोची डावी बाजू धारदार आणि उजवी मऊ येत असेल तर आधी ॲडॅप्टरचे स्क्रू बघा, एखादा अर्धा फेरा सैल असतो. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा समांतर ठेवून दोन वेगवेगळ्या लेन्सनी, अपर्चर उघडं ठेवून, फोटो घ्या. दोन्हींत तीच बाजू मऊ असेल तर ॲडॅप्टर (किंवा तुमचा कॅमेरा भिंतीला समांतर नाही), लेन्सप्रमाणे बाजू बदलत असेल तर लेन्स. लेन्स ॲडॅप्टरमध्ये खुळखुळते का तेही पाहा. निकॉनच्या बाजूला आतल्या पात्यांना चिरा दिलेल्या असतात, त्या स्प्रिंगसारखं काम करतात. बारीक स्क्रूड्रायव्हर चिरेत घालून पातं केसभर उचललं की खुळखुळ जाते. केसभर म्हणजे केसभरच. जास्त उचललं तर लेन्स बसणार नाही. नव्या ॲडॅप्टरमध्ये धातूचा बारीक कीस असतो, तो ब्लोअरने उडवल्याशिवाय कॅमेऱ्याला लावू नका, सरळ सेन्सरवर जातो. आणि आतली भिंत चकचकीत दिसली तर काळा मखमली फ्लॉक पेपर चिकटवा. उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोंत मधोमध जो पांढुरका डाग येतो तो पुष्कळदा लेन्सचा नसतो, ॲडॅप्टरच्या त्या चकाकीचा असतो.

आता कॅमेरा. लेन्सकडून कॅमेऱ्याला एकही संदेश येत नाही, त्याच्या दृष्टीने समोर नुसतं भोक आहे. 'रिलीज विदाउट लेन्स' (लेन्स ओळखता आली नाही तरी फोटो काढू देणारं सेटिंग) चालू असेलच, नाहीतर एकही फोटो निघाला नसता. पण बाकीच्या काही गोष्टी बहुतेक जण तशाच सोडतात. स्टेडीशॉट, म्हणजे सेन्सर हलवून हाताचा थरथराट सावरणारी सोय, ऑटोवर ठेवून उपयोग नाही. ते मॅन्युअल करा आणि फोकल लांबी हाताने भरा. २८ लावल्यावर २८, ५० लावल्यावर ५०, हेलिओसला ५८. नेमका आकडा नसेल तर सर्वांत जवळचा. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असला तरी लेन्सवर छापलेलाच आकडा भरायचा, दीडपट करून नाही. हे विसरलं की काय होतं बघा. हेलिओसनंतर २८ लावली आणि आकडा ५८ च राहिला, तर सेन्सर गरजेच्या दुप्पट हलतो. हात उजवीकडे जितका हलला तितकंच चित्र आता डावीकडे हलतं, म्हणजे स्थिरीकरण बंद असतं तर जेवढं हललं असतं तेवढंच. उलट ५८ वर २८ राहिलं तर निम्मंच सावरलं जातं. तुमच्या मऊ फोटोंपैकी काही इथले असू शकतात. हा मेनू 'माय मेनू'त पहिल्या जागी टाका आणि लेन्स बदलली की बोट तिकडे गेलंच पाहिजे अशी सवय लावा.

दुसरी गोष्ट, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन, म्हणजे शटरचा पहिला पडदा यांत्रिक न ठेवता सेन्सरनेच उघडणं. भर उन्हात एफ/१.८ ला १/४००० वगैरे वेग लागतो तेव्हा इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा आणि यांत्रिक दुसरा पडदा यांचा मेळ अशा परक्या लेन्सवर नीट बसत नाही. फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या भागाच्या उजेडात फरक पडतो, मागच्या धूसर भागातली उजेडाची वर्तुळं (बोके) एका बाजूने कापल्यासारखी दिसतात. १/१००० च्या वर गेलात की तो बंद करा.

एक्स्पोजरचं लोकांना वाटतं तितकं अवघड नाही. ए मोडवर ठेवा, अपर्चरच्या जागी आकडा येणार नाही, पण मीटर सेन्सरवर प्रत्यक्ष पडलेला उजेड मोजतं आणि शटर बरोबर निवडतं. ऑटो आयएसओ वापरत असाल तर किमान शटर वेग स्वतः ठरवा, माणसांसाठी १/१२५ किंवा १/२५०. कॅमेऱ्याला फोकल लांबी माहीत नसल्यामुळे त्याच्या मनाने निवडलेल्या वेगावर विसंबण्यात अर्थ नाही. स्टुडिओ फ्लॅश लावणार असाल तर 'लाइव्ह व्ह्यू डिस्प्ले'मधला सेटिंग इफेक्ट बंद करा, नाहीतर एफ/८ ला व्ह्यूफाइंडरात अंधारकोठडी दिसेल आणि फोकस कशावर करणार?

फोटोत अपर्चर आणि लेन्सचं नाव नोंदलं जाणार नाही. ज्यांना ते हवं असतं ते लेन्स बदलल्यावर पहिली फ्रेम हाताच्या बोटांची काढतात, दोन बोटं म्हणजे २८, पाच म्हणजे ५०. हास्यास्पद वाटतं, पण हजार फोटो चाळताना देव आठवत नाही.

आता तुमचं पोर्ट्रेट. दीड मीटरवरून, ५० मिमी, एफ/१.८. छापील कोष्टकांच्या हिशेबाने इथे धारदार पट्टा सुमारे दहा सेंटीमीटर खोल. पण ती कोष्टकं छोट्या प्रिंटसाठी आहेत. २४ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्के मोठा करून तुम्ही डोळ्याच्या पापण्या तपासता, तेव्हा तो पट्टा तीन-साडेतीन सेंटीमीटरच उरतो. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत याच्याएवढंच अंतर असतं.

पीकिंग हा पट्टा दाखवत नाही. ते व्ह्यूफाइंडरला मिळणाऱ्या लहान, कमी पिक्सेलच्या चित्रात जिथे काळ्या-पांढऱ्याचा फरक तीव्र आहे तिथे रंग भरतं, बस. ज्याची कडा मुळातच कडक आहे ते थोडं आउट असलं तरी रंगतं, आणि ज्याची कडा नाजूक आहे ते अगदी नेमकं असलं तरी रंगत नाही. पैठणी नेसलेली, नथ घातलेली व्यक्ती समोर असेल तर बघा. जरीचा काठ, नथीचे मोती, चष्म्याची फ्रेम सगळं लालभडक होतं. त्या लालीत डोळाही लाल दिसतो, पण खरं फोकस मोत्यांवर असतं आणि डोळा तीन सेंटीमीटर मागे राहिलेला असतो. एफ/१.८ ला जुन्या लेन्समध्ये गोलीय विपथनामुळे (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न मिळाल्यामुळे) कडेभोवती जी दुधी आभा येते तिनेही पीकिंग आणखी फसतं.

म्हणून पीकिंग 'लो'वर ठेवा, 'हाय'वर कधीच नाही. त्याला फक्त वाटाड्या समजा, गावाच्या वेशीपर्यंत नेणारा. घर शोधायचं काम मोठं करून बघण्याने होतं. इथे एक अडचण आहे. सोनीच्या स्वतःच्या लेन्सवर रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होतं, कारण लेन्स कॅमेऱ्याला सांगते. ही लेन्स मुकी आहे, म्हणून ती सोय चालत नाही. 'फोकस मॅग्निफायर' एखाद्या सी बटणावर नेमून घ्या, अंगठा सहज पोचेल अशा. तुमच्या कॅमेऱ्यावर पहिली पायरी ५.९ पट, दुसरी ११.७ पट. हातात कॅमेरा असताना दुसऱ्या पायरीत चित्र इतकं थरथरतं की काही सुधरत नाही, पहिलीच वापरा. मोठं करून दाखवण्याची वेळ 'नो लिमिट' ठेवा, नाहीतर ऐन वेळी ते पाच सेकंदांत मिटतं. फाइल रॉ घेत असाल तर क्रिएटिव्ह स्टाइल कृष्णधवल करून ठेवा. रॉमध्ये रंग शाबूत राहतात, पण करड्या चित्रावर पीकिंगचा रंग आणि खरी धार दोन्ही जास्त चांगली ओळखू येतात. व्ह्यूफाइंडरच्या चित्राचा दर्जा 'हाय' करा, आणि शेजारचं डायॉप्टरचं चाक फिरवून त्यातली अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत जुळवा. हे चाक पिशवीत घासून फिरलेलं असतं आणि लेन्सला शिव्या बसतात.

क्रम असा. आधी फ्रेम ठरवा. मॅग्निफायरचा चौकोन कॅमेऱ्याकडे जवळ असलेल्या डोळ्यावर ठेवा. मोठं करा. रिंग धारदार बिंदूच्या थोडी पुढे न्या आणि मागे आणा, तो बिंदू ओलांडल्याशिवाय सापडत नाही. बघायचं ते बुबुळाकडे नाही, खालच्या पापणीच्या केसांकडे. बटण अर्धं दाबलं की सोनी पुन्हा पूर्ण फ्रेम दाखवतो, आणि फसगत नेमकी इथे होते. चित्र लहान झालं की माणूस पुन्हा फ्रेम बघत बसतो, तेवढ्यात त्याचं किंवा समोरच्याचं अंग दोन सेंटीमीटर झुकतं. म्हणून मोठं चित्र मिटलं की अर्ध्या सेकंदात क्लिक. मध्यबिंदूवर फोकस करून कॅमेरा वळवायची जुनी पद्धत एवढ्या जवळून एफ/१.८ ला वापरू नका, वळवताना फोकसचं प्रतलही वळतं आणि डोळ्याच्या मागे पडतं. सलग तीन-चार फ्रेम घेताना अंग अगदी किंचित पुढे झुकवलं तर त्यातली एक तरी बसते. यात कमीपणा काही नाही.

अजून एक बारकावा. उघड्या अपर्चरवर फोकस करून मग एफ/२.८ वर बंद केलं तर काही वेगवान लेन्समध्ये धारदार प्रतल मागे सरकतं. तुमच्या एफ/१.८ मध्ये ते फार जाणवणार नाही, एफ/१.४ आणि एफ/१.२ वाल्यांत स्पष्ट दिसतं. नियम सोपा ठेवा. एफ/४ पर्यंत ज्या अपर्चरवर फोटो घ्यायचा त्यावरच फोकस करा, एफ/५.६ च्या पुढे आधी पूर्ण उघडून फोकस करा आणि मग बंद करा, कारण त्या अपर्चरवर व्ह्यूफाइंडरात सगळंच धारदार दिसतं आणि नेमका बिंदू हाताला लागत नाही.

ही उघडून बंद करण्याची कसरत सोपी करते ती हेलिओस ४४-२, आणि गंमत अशी की ही लेन्स जणू मिररलेससाठीच बनवली होती. तिला अपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एक टकटक वाजणारी, ती फक्त मर्यादा ठरवते. दुसरी गुळगुळीत, ती एफ/२ पासून त्या मर्यादेपर्यंत मोकळी फिरते. पहिली ५.६ वर ठेवा, दुसरी उघडी करून फोकस करा, मग डोळा न काढता दुसरी अडेपर्यंत फिरवा. आकडा बघायची गरज नाही. चित्रपटवाले ही रिंग टकटक न होता फिरते म्हणूनही तिच्यावर खूश असतात. हेलिओस ४४एम-४ सारख्या पुढच्या लेन्समध्ये मागे एक पिन असते आणि ती दाबली गेल्याशिवाय अपर्चर बंद होत नाही, त्यासाठी आत ओठ असलेला एम४२ ॲडॅप्टर लागतो. तुमच्या ४४-२ ला पिनच नाही, कुठलाही चालेल. एम४२ च्या आटीची पिच १ मिमी असते, टी२ या दुसऱ्या स्क्रू माउंटची ०.७५, व्यास दोन्हींचा ४२. एखादी लेन्स एक-दीड फेऱ्यात आवळून अडली तर जोर लावू नका, ॲडॅप्टर चुकीचा आहे. आणि लेन्स पूर्ण बसल्यावर आकडे खाली गेले तर ॲडॅप्टरच्या कडेचे तीन बारीक स्क्रू सैल करून आतली कडी फिरवा, आकडे वर आणा, पुन्हा आवळा.

धाग्यांचं बघू. अंधाऱ्या खोलीत अपर्चर एफ/२ ला ठेवून मागून, तिरका टॉर्च मारा. झाडाच्या मुळांसारखे फुटत जाणारे, कापसासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधी पडदा म्हणजे हेझ, बहुतेकदा ग्रीसची वाफ काचेवर बसलेली. कडेकडेने तेलाच्या तवंगासारखे सप्तरंगी तुकडे म्हणजे चिकटवलेल्या काचांमधला थर सुटतोय. हेलिओसमध्ये चार गटांत सहा काचा आहेत, त्यांतल्या चार काचा जोडीजोडीने चिकटवलेल्या. त्या जोडीच्या आत बुरशी असेल तर ती साध्या साफसफाईने निघणार नाही, लेन्स तशीच वापरायची.

धागे कुठल्या बाजूला आहेत हे असं कळतं. अपर्चर एफ/१६ ला बंद करा आणि पुढून टॉर्च मारून बघा. धागे पाकळ्यांच्या वर दिसत राहिले तर ते पुढच्या भागात, नाहीसे झाले तर मागच्या भागात. मागच्या काचेवरची बुरशी जास्त नडते. फोटोत किती नडते ते पाहायला खिडकीकडे तोंड करून एफ/२ ला एक फोटो घ्या आणि उजेड पाठीशी ठेवून दुसरा. दोन्हींत काळा रंग काळाच राहत असेल तर तिला हात लावू नका. थोडीशी बुरशी दिसायला भयंकर, फोटोत नगण्य असते.

धागे सर्वांत बाहेरच्या पृष्ठभागावर असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्स टिश्यूने पुसा, थेंब टिश्यूवर टाका, काचेवर नाही, नाहीतर कडेने आत झिरपतो. पुसून गेल्यावरही धाग्याच्या आकाराची खूण राहिली तर बुरशीने कोटिंग खाल्लंय, ते परत येत नाही. आत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे. हेलिकॉइडच्या (फोकस रिंग फिरवली की लेन्स पुढेमागे नेणाऱ्या भागाच्या) आट्या स्वतः सोडू नका. त्या अनेक तोंडांच्या असतात आणि एकाच तोंडातून सुरू केल्यावर इन्फिनिटी बरोबर येते. आट्या सुटल्या तिथे खूण केली नसेल तर पुन्हा शोधण्यात अख्खी दुपार जाते. अपर्चरच्या पाकळ्यांवर तेल दिसलं तर घाबरू नका. झटक्यात बंद होणाऱ्या पाकळ्यांना ते अडवतं, ही तर हाताने बंद होते.

बुरशीचे बीज हवेत सगळीकडेच असतात, तिला वाढवते ती ओल. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या जुन्या खोक्यात ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं, चामडं ओल धरून ठेवतं. खोकं वेगळं ठेवा. घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० मध्ये राहू द्या. ३० च्या खाली नेण्याची हौस नको, ग्रीस सुकतं. ५५ झाला की जेल तापवायचं, ११० ते १२० अंशांवर दोन तास. निळं जेल कोबाल्टचं असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका, केशरी घ्या. हेलिओस साफ होऊन येईपर्यंत ती निकॉनच्या दोघींपासून वेगळ्या डब्यात ठेवा, आणि २८ साठी नवा ॲडॅप्टर आला की डोंगराचा फोटो आधी एफ/२.८ वर काढून बघा, एफ/८ वर नव्हे.